थव्यातला वेगळा एक: मुंबईजवळच्या निर्जन किनाऱ्यांवर उत्तरेकडचे दुर्मिळ पक्षी शोधताना

कोळीवाड्यात भरतीची वेळ विचारली की जुनी माणसं आधी तिथी विचारतात. आज एकादशी? मग सव्वाआठ. तिथीची पाऊणपट करायची आणि जो आकडा येईल त्या सुमाराला पाणी पूर्ण चढलेलं असतं. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा तीच गोष्ट. अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते. हा हिशेब मी पक्षी बघायला लागल्यावर शिकले. हिवाळ्यात सायबेरियातून, मध्य आशियातून, थेट आर्क्टिक टुंड्रातून आलेल्या पाणपक्ष्यांचा मुंबईतला सगळा दिनक्रम या पाण्यावर चालतो. ओहोटीला ते मैलभर पसरलेल्या चिखलात ठिपक्यांसारखे विखुरतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत आपल्या जवळ आणतं. तेव्हा तुम्ही योग्य जागी बसलेले असाल तर हजारभर पक्षी तुमच्यासमोर गोळा होतात, आणि दुर्मिळ पक्षी शोधायचा तो त्याच तासा-दोन तासांत.

आधी महिना, मग जागा

‘हिवाळी पाहुणे’ म्हटलं की आपण डिसेंबर धरून बसतो, पण चिखलातले पक्षी ऑगस्टच्या शेवटालाच यायला लागतात. पहिले येतात ते प्रौढ पक्षी. आर्क्टिकमधला उन्हाळा जेमतेम दीड-दोन महिन्यांचा, त्यात वीण उरकून ते निघालेले असतात, म्हणून त्यांच्या पोटावर विणीच्या रंगाचे तांबूस डाग अजून उरलेले दिसतात. त्यांच्या मागून सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं येतात. कुणी वाट दाखवायला नसताना त्यांनी हजारो किलोमीटर कापलेले असतात. त्यांच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड असते, त्यामुळे पाठ खवल्यांची दिसते. डिसेंबर येईपर्यंत बहुतेक सगळे एकसारखे राखाडी होतात. ओळखायला सगळ्यात कठीण काळ हाच, आणि आपल्याला सुट्टी मिळते तीही याच काळात. म्हणून ज्यांना मनापासून शिकायचं आहे त्यांना मी सप्टेंबरच्या शेवटाला सुरुवात करायला सांगते. मार्च-एप्रिलमध्ये निघण्यापूर्वी काही पक्षी पुन्हा रंग धरतात, तेव्हाही डोळ्यांना चांगलं शिक्षण मिळतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरचा आणखी एक फायदा आहे. युरोपियन रोलर किंवा ठिपकेवाला माशीमार यांसारखे आफ्रिकेकडे जाणारे पक्षी याच दिवसांत आपल्याकडून पुढे सरकतात आणि थोडेच दिवस दिसतात. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर अमूर ससाणे थांबतात, तेही असेच वाटसरू.

जागा निवडताना गाजलेली ठिकाणं सोडून थोडं आडबाजूला जा, असं मी म्हणेन. शिवडी सगळ्यांना माहीत आहे. आता तिथल्या चिखलावरून अटल सेतू गेला आहे. ठाणे खाडीचा १६९० हेक्टरचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी ओळख, मिळाली. ऐरोलीहून बोटीनं जाता येतं, आणि नवख्या माणसानं पहिली फेरी तिथेच करावी. पण एकट्यादुकट्या वाट चुकलेल्या पाहुण्यासाठी तीन दिशा धरा.

उत्तरेला वसईचा भुईगाव किनारा आणि त्याच्या वरचा अर्नाळ्याकडचा भाग. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) इथे मोठ्या संख्येनं बसतात. पूर्वेला खाडीपलीकडे उरण तालुका: मिठागरं, खाजणं, तिवरांच्या कडेची पाणथळं. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल जाते, त्यामुळे पहाटे निघून उन्हं चढायच्या आत पोचता येतं. मोठा ठिपकेवाला गरुड, बहिरी ससाणा, दलदलीवर जमिनीलगत घिरट्या घालणारे भोवत्या हे शिकारी पक्षी, आणि थापट्या, तलवार बदक यांचे थवे इथे मिळतात. दक्षिणेला अलिबागच्या पुढे अक्षीचा किनारा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो किंवा गेटवेवरून लाँच पकडून मांडव्याला उतरायचं, तिथून अलिबाग, आणि पुढे थोड्याच अंतरावर सुरूच्या बनामागे लांबच लांब सपाट वाळू. मराठीतल्या सर्वात जुन्या शिलालेखांपैकी एक, शके ९३४ चा, याच गावातला. बहुतेक पर्यटक अलिबागच्याच किनाऱ्यावर थांबतात, त्यामुळे आठवड्यातल्या मधल्या दिवशी अक्षीला तुम्ही, दोन-चार होड्या आणि पक्षी एवढेच असता. मुंबईच्या आसपास मला कुठला किनारा सर्वात जवळचा वाटत असेल तर तो हाच.

तिथी बघून सुट्टी टाका

हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. रविवार मोकळा आहे म्हणून रविवारी जायचं, आणि पोचल्यावर पाणी अर्धा किलोमीटर लांब.

उरण किंवा ऐरोलीसारख्या चिखलाच्या ठिकाणी भरतीच्या दोन तास आधी पोचा आणि भरतीनंतर तासभर थांबा. त्रयोदशी-चतुर्दशीला भरती पावणेदहा ते साडेदहाच्या आसपास येते. म्हणजे पावणेआठ-साडेआठला बसलात की उन्हाची झळ चढायच्या आत पक्षी जवळ येतात, शिवाय उधाण जवळ आल्यानं पाणीही चांगलं चढतं. अष्टमी-नवमीच्या भांगेला पाणी कमी चढतं, बराचसा चिखल उघडाच राहतो, आणि पक्ष्यांना जवळ यायचं कारण उरत नाही. अगदी पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप चढतं, पण सव्वाअकराच्या पुढेमागे. तोवर चिखलावरून गरम हवा अशी थरथरते की दुर्बिणीतून सगळं वितळल्यासारखं दिसतं.

अक्षीसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर मी उलट करते. भरतीला पक्षी दाटीनं एका जागी विश्रांती घेतात ती जागा लांबून शोधते आणि ओहोटी सुरू झाल्यावर ते उठून पांगतात तेव्हा एकेक बघते. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो, कारण किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. शिवडीला याच्या बरोब्बर उलट: सकाळचं ऊन तोंडावर येतं, तिथे दुपार बरी.

वेळ अचूक हवी असेल तर भरतीचा तक्ता मोबाइलवर मिळतो, तो बघाच. तिथीचा हिशेब सुट्टीचा अर्ज दोन महिने आधी टाकण्यासाठी.

पिशवीत काय

आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठ पटीची आणि ४२ मिलिमीटर काचेची, दुर्बीण पुरे. त्याहून जास्त पटीची घेतली की हात हलतो. पण किनाऱ्यावरच्या दुर्मिळ पक्ष्यांसाठी स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्यानं बघायची, जास्त पटीची दुर्बीण) आणि तो ठेवायला जड तिकाटणं याला पर्याय नाही. स्वतःचा नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याबरोबर जा. कॅमेरा हवा, पण तो स्कोपच्या नंतर. वही आणि पेन्सिल लागतेच, कारण दमट हवेत पेन दगा देतं. टोपी, दोन लिटर पाणी, मळकट रंगाचे कपडे, आणि जुनी चप्पल नको, बंद बूट हवेत. शिंपल्या आणि कालवांच्या कडा पाय चिरतात.

चिखलात उतरायचं नाही. वरून घट्ट वाटणारा चिखल एका पावलानंतर मांडीपर्यंत घेतो, आणि चढतं पाणी मागच्या बाजूनं, एखाद्या चरातून आधी येतं. बांधावरून, जेट्टीवरून, किनाऱ्यावरून बघा. निर्जन जागी दोघांनी जा आणि घरी कुणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवा. उरण-करंजा भागात नौदलाच्या आणि बंदराच्या हद्दी आहेत, तिथे दुर्बीण किंवा कॅमेरा बाहेर काढू नका. मिठागरात शिरण्यापूर्वी तिथल्या माणसांना विचारा. विचारलं की बहुतेक वेळा वाटही सांगतात. भुईगावला मासळी वाळत घालणाऱ्या एका मावशींनी मला सांगितलं होतं, ‘पानी चढला का ती सगली त्या मोडक्या बांधावर बसतान.’ मी तीन हिवाळे तिथे जात होते आणि ती जागा माझ्या लक्षात आली नव्हती.

नेहमीचे आधी पाठ करा

दुर्मिळ पक्षी शोधायला निघालेला माणूस समोरच्या आठशे साध्या पक्ष्यांकडे बघत नाही. तिथेच त्याचा दिवस वाया जातो. वेगळा पक्षी वेगळा दिसायचा तर आधी सारखं काय ते डोळ्यांत मुरलेलं हवं. पहिल्या हिवाळ्यात फक्त पाच पक्षी घ्या आणि ते मागून, पुढून, झोपलेले, उडताना, भिजलेले, असे ओळखू येईपर्यंत सोडू नका: छोटा टिलवा (लिटल स्टिंट), कर्ल्यू सँडपायपर, वाळूवरचे चिखल्या (सँड प्लव्हर), उंच पायांचा नि लांब चोचीचा काळ्या शेपटीचा गॉडविट आणि तपकिरी डोक्याचा कुरव.

टिलवा चिमणीएवढा, काळ्या पायांचा, सतत शिवणयंत्रासारखी चोच मारणारा. त्याच्यासारखाच पण पिवळसर पायांचा, दबकत चालणारा आणि उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दाखवणारा असेल तर तो टेमिंकचा टिलवा. त्याला गोडं पाणी जास्त आवडतं. कर्ल्यू सँडपायपरची चोच खाली वाकलेली आणि उडताना कंबर, म्हणजे शेपटीच्या लगेच वरचा पाठीचा भाग, स्वच्छ पांढरी. त्याच्यातच लपलेला डनलिन आकारानं जवळजवळ तसाच असतो, पण त्याच्या कंबरेच्या मधोमध काळी रेघ जाते. म्हणजे बसलेल्या थव्यात शंका आली की उडेपर्यंत वाट बघायची. रुंद चोचीच्या सँडपायपरच्या भुवईला, म्हणजे डोळ्यावरच्या फिकट पट्टीला, दोन रेघा असतात आणि चोचीचं टोक अचानक खाली मोडल्यासारखं दिसतं. सँडरलिंग सगळ्यांत फिकट, आणि लाटेच्या मागे धावतो, लाट आली की पळतो. गॉडविटमध्ये पंखावर पांढरा पट्टा नसलेला, वर वळलेल्या चोचीचा पक्षी दिसला तर तो पट्टेदार शेपटीचा. मोठा करडा चिखल्या (ग्रे प्लव्हर) उडाला की काखा काळ्या दिसतात. त्याच्यासारख्या दुसऱ्या कुठल्याही चिखल्याला त्या नसतात. हा पक्षी आणि कर्ल्यू सँडपायपर, दोन्ही २०२४ साली धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात गेले. आपण त्यांना साधे म्हणतो, पण तेही कमी होत चालले आहेत.

वाळूवरच्या चिखल्यांची एक नवी अडचण आहे. ज्याला आपण वर्षानुवर्षं लेसर सँड प्लव्हर म्हणत आलो, त्याच्या आता दोन जाती मानल्या जातात, तिबेटी आणि सायबेरियन. आपल्या किनाऱ्यावर येणारे मुख्यतः तिबेटी. हिवाळी पिसाऱ्यात सायबेरियन म्हणून ठामपणे नोंद करायचा मोह आवरा. त्यांचा मोठा भाऊ ग्रेटर सँड प्लव्हर मात्र लांब, जड चोच, लांब पाय आणि पायांचा हिरवट रंग यांवरून ओळखता येतो, आणि तो थव्यात अधूनमधून असतोच.

कुरवांबद्दल थोडक्यात: प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके, काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद आणि पंखाची पुढची कड पांढरी. मोठ्या कुरवांमध्ये पालासचा ओळखता येतो. ह्यूग्लिन आणि स्टेप या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या कुरवांवर मात्र मी दहा हिवाळ्यांनंतरही ‘मोठा कुरव, जात अनिश्चित’ असं लिहिते, आणि ते लिहिताना मला जराही कमीपणा वाटत नाही.

थवा वाचायची पद्धत

बसलात की लगेच स्कोप फिरवत सुटू नका. आधी मोजा. डावीकडून उजवीकडे, दहा-दहाच्या गटांनी. मोजताना प्रत्येक पक्ष्यावर नजर एकदा तरी थांबते, आणि वेगळा पक्षी नेमका तेव्हा सापडतो. मग उजवीकडून डावीकडे, या वेळी फक्त आकार. तिसऱ्या फेरीत फक्त हालचाल: सगळे टोचत असताना कोण धावतोय, सगळे झोपलेले असताना कोण जागा आहे.

अक्षीला एका जानेवारीत कर्ल्यू सँडपायपर मोजता मोजता एका जागी माझा हात थांबला. झोपलेला, मान पाठीत खुपसलेली, पण शेजाऱ्यांच्या दीडपट अंगाचा आणि छातीवर काळसर ठिपके. चाळीस मिनिटं तो हलला नाही. मग त्यानं मान काढली, लांब, टोकाशी किंचित झुकलेली चोच दिसली. ग्रेट नॉट. ईशान्य सायबेरियाच्या डोंगराळ टुंड्रात वीण करणारा, पीत समुद्राकाठचे चिखलपट्टे भराव घालून बुजवल्यानं ज्याची संख्या कोसळली आणि जो आज ‘संकटग्रस्त’ यादीत आहे, तो अलिबाग तालुक्यात ऊन खात बसला होता. अक्षीला तो अधूनमधून दिसतो, ही काही पहिली नोंद नव्हे. पण मी आधी सँडपायपर मोजत नसते तर त्याच्यावरून माझी नजर सरळ पुढे गेली असती.

वेगळा दिसला: पहिली पाच मिनिटं

पुस्तक उघडू नका. ॲप उघडू नका. चित्र पाहिलं की डोळा चित्रातली खूण पक्ष्यावर शोधायला लागतो आणि ती नसली तरी सापडते.

आधी दोन-तीन फोटो, कसेही, फक्त पुरावा म्हणून. स्कोपच्या काचेला मोबाइल लावून काढलेला अस्पष्ट फोटोही चालतो. मग वही. वेळ, पाणी चढतंय की उतरतंय, ऊन कुठून, अंदाजे अंतर. आकार सेंटिमीटरमध्ये लिहू नका, शेजारच्या पक्ष्याशी तुलना करून लिहा: ‘डावीकडच्या टिलव्यापेक्षा मोठा, गॉडविटच्या निम्मा’. चोचीची लांबी डोक्याच्या लांबीच्या तुलनेत. पायांचा रंग, आणि पाय चिखलानं माखलेले असतील तर तसं. भुवई, छाती, पाठीची पिसं एकसारखी की खवल्यांची. पंखांची टोकं शेपटीच्या पुढे जातात का. चित्रकला येत नसली तरी अंड्याएवढी आकृती काढून बाण काढा. आणि शेवटी थांबा, तो उडेपर्यंत. उडताना पंखावरचा पट्टा, कंबर, शेपटी आणि आवाज या चार गोष्टींनी अर्धे प्रश्न सुटतात. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा.

पायात कडी किंवा रंगीत पट्टी असेल तर बाकी सगळं सोडून ती बघा. कोणत्या पायाला, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, रंग कोणता, पट्ट्या दोन असतील तर वरची कोणती, अक्षरं वाचता येतात का. ही माहिती बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. १८८३ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था कित्येक दशकं पक्ष्यांना कड्या घालते आहे. एका वाचलेल्या पट्टीतून एका पक्ष्याचा सगळा प्रवास जोडला जातो.

फसवणाऱ्या गोष्टी

चिखल सर्वात आधी. चमच्या चोचीचा सँडपायपर हा जगातल्या अत्यंत धोक्यात असलेल्या पक्ष्यांपैकी एक, तो हिवाळ्यात म्यानमार-बांगलादेशाकडे असतो. उरणला मला एकदा टिलव्यांमध्ये टोकाला रुंद चोच असलेला पक्षी दिसला आणि मी घाईनं दोन मित्रांना फोन केला. ते बोरिवलीहून निघालेही. वीस मिनिटांनी त्या पक्ष्यानं डबक्यात चोच धुतली आणि चिखलाचा गोळा गळून पडला. साधा टिलवा. दोन माणसांची अख्खी सकाळ माझ्या घाईनं गेली याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून पक्षी निदान अर्धा तास बघितल्याशिवाय मी कुणालाही कळवत नाही.

दुसरं, ऊन. पहाटेच्या सोनेरी उजेडात प्रत्येक राखाडी पक्षी तांबूस होतो, आणि समोरून ऊन असेल तर पायांचा रंग सांगूच नये. तिसरं, एकटा पक्षी. शेजारी कुणी नसेल तर आकाराचा अंदाज हमखास चुकतो. चौथं, ओळखणारी ॲप. ती आपल्या भागातल्या नेहमीच्या पक्ष्यांकडे झुकतात आणि अस्पष्ट फोटोवरही ठाम उत्तर देतात. मत म्हणून ऐका, पुरावा म्हणून नको.

नोंद कुठे, कशी

पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या ई-बर्ड या ॲपवर त्या सकाळची पूर्ण यादी टाका, फक्त दुर्मिळ पक्षी नको. आठशे सँडपायपरमध्ये एक नॉट, ही माहिती नुसत्या एका नॉटपेक्षा खूप जास्त सांगते. नेहमी न दिसणारं नाव टाकलं की ॲप तपशील मागतं. तिथे वहीतलं टिपण जसंच्या तसं उतरवा आणि कोणता जवळचा पक्षी कसा नाकारला तेही लिहा. नंतर त्या भागाच्या नोंदी तपासणारे रिव्ह्यूअर शंका विचारतील. त्यात अविश्वास नसतो. पन्नास वर्षांनी कुणी ही नोंद वाचेल तेव्हा तुम्ही उत्तर द्यायला नसाल, म्हणून ते आत्ता विचारतात. पुरावा अपुरा वाटला तर नोंद मागे घ्या.

जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत एक जागा पत्करा. ती १९८७ पासून चालू आहे. तीच जागा दरवर्षी मोजली की कोणता पक्षी वाढला आणि कोणता कमी झाला हे तुमच्याच वहीत दिसायला लागतं. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो: ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. या आठवड्यात ठिकठिकाणी फेऱ्या निघतात, आणि नवख्यांना स्कोपमधून बघायला मिळण्याची ती चांगली संधी.

किती जवळ जायचं

थव्यातल्या माना वर झाल्या की तिथेच थांबा. एक पाऊलही पुढे नको. हे पक्षी इथे खाऊन चरबी साठवतात आणि तीच चरबी जाळत एप्रिलमध्ये परत निघतात. भरतीच्या विश्रांतीत त्यांना उडवलं तर जमवलेली ऊर्जा तिथेच खर्च होते. दिवसभरात दहा माणसांनी प्रत्येकी एकदा उडवलं तर दहादा. म्हणून फोटोसाठी थव्यात शिरणं, ड्रोन उडवणं, आवाज वाजवून बोलावणं हे करू नका, आणि दुसरा करत असेल तर शांतपणे पण स्पष्ट सांगा. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यालाही.

पक्षी खरंच दुर्मिळ असेल आणि जागा अरुंद असेल तर लगेच सगळ्या ग्रुपवर नकाशा टाकू नका. आधी एका जाणत्या माणसाला फोटो पाठवा. त्यांचं उत्तर आलं की वाट, गाडी कुठे लावायची, कुठून बघायचं आणि कुठे जायचं नाही, हे सगळं एकत्र लिहून मगच कळवा. दुसऱ्या दिवशी स्वतः पुन्हा जा, आदल्या दिवशीपेक्षा पाऊण तास उशिरा. भरतीही तितकीच पुढे सरकलेली असते, आणि पाणी चढलं की पक्षी बहुतेक त्याच बांधावर येऊन बसतो.